न्यूट्रिनोसाठी आलात? मग केमिस्ट्रीही करा

एमएस्सी फिजिक्स करून मुंबईत न्यूट्रिनो टिपणाऱ्या डिटेक्टरच्या कामाला येणाऱ्यांना वाटतं, आता दिवसभर समीकरणं सोडवायची. लिक्विड सिंटिलेटरच्या (कण आदळला की चमकणाऱ्या द्रवाच्या) लॅबमध्ये सुरुवातीचे महिने जातात ते नायट्राइल ग्लोव्हज घालून काचसामान धुण्यात. मला हे काम आवडलं; सगळ्यांना आवडत नाही.

मूळ द्रव बहुधा एलएबी, म्हणजे लिनिअर अल्काइल बेंझिन. कपड्यांच्या डिटर्जंटचा हाच कच्चा माल, आपल्याकडे पाताळगंगेलाही बनतो. चीनच्या जूनो या न्यूट्रिनो प्रयोगात असा 20,000 टन द्रव आहे, त्यात लिटरमागे 2.5 ग्रॅम पीपीओ आणि जेमतेम 3 मिलिग्रॅम बिस-एमएसबी, ही दोन चमकणारी रसायनं. पीपीओ चमकतं अतिनील भागात, बिस-एमएसबी तो प्रकाश निळ्याकडे आणतं, म्हणजे तो द्रवात कमी शोषला जातो आणि फोटोमल्टिप्लायरला (मंद प्रकाश टिपणाऱ्या नळीला) नीट दिसतो.

खरी परीक्षा पारदर्शकतेची. चांगल्या द्रवात प्रकाश 20 मीटर गेल्यावर सुमारे 37 टक्के उरतो. आता हाच द्रव 10 सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये (नमुन्याच्या पारदर्शक डबीत) भरून स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये, म्हणजे किती प्रकाश आरपार जातो ते मोजणाऱ्या यंत्रात, ठेवा: घट जेमतेम अर्धा टक्का! क्युवेटवरचा बोटाचा ठसासुद्धा तेवढा फरक पाडतो. म्हणून छान आलेख हाती आला की आधी त्याच्यावर संशय घ्या, क्युवेट पुसून पुन्हा मोजा, आणि शक्य असेल तर मीटरभर लांबीच्या नळीत मोजा.

विरघळलेला ऑक्सिजन प्रकाश खातो, म्हणून मोजण्याआधी द्रवातून नायट्रोजन सोडायचा. सोडण्याआधी आणि नंतर सीझियम-137 या किरणोत्सारी स्रोताचा स्पेक्ट्रम घेतला, की 477 केइव्हीची (किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची) कॉम्प्टन एज, म्हणजे गॅमा किरण इलेक्ट्रॉनला देऊ शकणाऱ्या कमाल ऊर्जेची कड, उजवीकडे, जास्त प्रकाशाकडे, सरकलेली दिसते. हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करावा.

रिअॅक्टरमधला अँटिन्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निघतात; आधी पॉझिट्रॉनची चमक, मग न्यूट्रॉनची, ही त्याची खूण. न्यूट्रॉन लवकर पकडायला गॅडोलिनियम हा धातू घालतात: हायड्रोजनवर 200 मायक्रोसेकंद लागतात, 0.1 टक्का गॅडोलिनियम असलं की साधारण 30. पण ते तेलकट द्रवात सहजी विरघळत नाही, आणि पाण्याचा अंश राहिला तर द्रव गढूळ होऊ शकतो. जुलैतल्या मुंबईत डेसिकेटर (रसायनं कोरडी ठेवणारं भांडं) उघडा ठेवून चहाला जाऊ नका.

प्रवेशाचे रस्ते ठरलेले: टीआयएफआरची परीक्षा, जेस्ट ही सामाईक प्रवेश परीक्षा किंवा बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल. बीएआरसीच्या ध्रुव रिअॅक्टरजवळचा इस्मरान डिटेक्टर प्लास्टिक सिंटिलेटरचा आहे, पण पॉझिट्रॉनमागून न्यूट्रॉन शोधण्याचं तर्कशास्त्र तेच. गाईड निवडताना थिअरीइतकंच हेही विचारा: फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) चालू आहे का, ग्रुपमध्ये केमिस्ट आहे का, आणि वापरलेला द्रव कुठे जातो?