बालवाडीत मूल बोलतच नाही? या चुका टाळा

जुलै संपत आला की एक वाद ठरलेला. ताई म्हणतात, "तुमची मुलगी बोलत नाही, एकदा डॉक्टरांना दाखवा." आई म्हणते, "काहीतरीच काय! घरी तिचं तोंड एक मिनिट बंद नसतं." दोघींनाही वाटतं, समोरची काहीतरी लपवतेय. खरं तर दोघीही खरंच सांगत असतात. घरी आजीशी हुज्जत घालणारं, शेळीला दम देणारं पोर बालवाडीच्या दारात आलं की गप्प होतं. महिना उलटला तरी गप्पच राहिलं, तर सिलेक्टिव्ह म्युटिझमचा, म्हणजे ठराविक ठिकाणी भीतीने आवाजच न फुटण्याचा, विचार करायला हवा.

हा हट्ट नाही आणि जिभेचा दोषही नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये याला चिंताविकारांच्या गटात घेतलं. साधारण पाच वर्षांच्या आतच हे सुरू होतं, पण घरात जाणवत नाही. मूल पहिल्यांदा परक्या माणसांत बसतं तेव्हा उघड होतं. प्रमाण शंभरात एखादं किंवा त्याहून कमी. त्यामुळे पुष्कळ ताईंनी असं मूल आधी पाहिलेलंच नसतं.

अमळनेरकडे बालवाडी चालवताना माझं एक मत पक्कं झालंय. अशा मुलाची अडचण वाढवण्यात सगळ्यात मोठा हात प्रेमाच्या माणसांचा असतो, कारण प्रत्येकाला आपल्यासमोर त्याला बोलतं करून दाखवायचं असतं.

"नाव सांग, मग चॉकलेट देतो"

आपल्या खानदेशातला श्रावणातला कानबाईचा सण घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंद एका घरी जमतात, रोटांचा स्वयंपाक चाललेला असतो, सुरतेहून आलेले काका ओट्यावर बसलेले असतात. पोरगी आईच्या पदराआडून डोकावते आणि काका विचारतात, "तुन्हं नाव काय शे?" ओट्यावरचे सगळे तिच्याकडे बघायला लागतात. ती ताठ होते, चेहरा कोरा पडतो. काका खिशातून चॉकलेट काढतात. तरीही काही नाही. मग कोणीतरी म्हणतं, "मुकी शे का काय?" शेवटी न राहवून आई नाव सांगून टाकते. सगळे हसतात, विषय बदलतो.

इथेच सगळा घोळ आहे. आईने उत्तर दिल्याबरोबर पोरीची भीती उतरते. गप्प राहिलं की सुटका होते, हे तिच्या अंगात मुरतं. आईलाही हायसं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी ती आणखी लवकर बोलते. असं वर्षभर चाललं की गप्प राहणं ही सवय होऊन बसते आणि ती मोडणं भीती घालवण्याइतकंच अवघड जातं. चॉकलेटने काही साधत नाही, उलट न मिळालेल्या चॉकलेटची बोच तेवढी राहते. मुलाला बोलायचं असतं, पण त्या क्षणी घसा साथ देत नाही.

काकांनी काय करावं? काही विचारू नये. शेजारी बसावं, तिच्या तोंडाकडे न बघता तिच्या हातातल्या खेळाकडे बघावं आणि जे दिसतं ते म्हणावं: "तू निळे मणी वेगळे काढतेस. हा केवढा मोठा निघाला!" उत्तराची वाट बघू नये. दहा मिनिटं कुणी प्रश्न विचारला नाही की अशा मुलांचे खांदे सैल पडतात, तुमच्या डोळ्यांना दिसतं. काकांना हे आधीच, पोरगी जवळ नसताना सांगून ठेवायचं. सुरतेचे काका ऐकतीलच असं नाही, पण निदान आजीला तरी सांगा. घरात तिचा शब्द चालतो.

प्रश्नांची पाळी नंतर येते, मूल त्या माणसासमोर सैलावल्यावर. तेव्हाही "पाणी हवंय का?" असं विचारलं तर मान हलवून भागतं. "पाणी देऊ की ताक?" असं विचारलं की शब्दाला जागा होते. विचारून झालं की मनात पाच आकडे मोजायचे. ही पाच सेकंदं आईला फार जड जातात. उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न एकदा पुन्हा, शांतपणे. तरी नाहीच, तर "दाखव बरं कुठलं" म्हणून बोटावर निभावायचं आणि पुढे जायचं. मुलाच्या वतीने उत्तर मात्र द्यायचं नाही.

थांबायचं किती?

"पहिलीत गेली की होईल मोकळी" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. शाळेचा पहिला महिना सगळ्याच मुलांना सूट द्यावी. निदानातही तो महिना धरत नाहीत. जूनच्या मध्यावर बालवाडी सुरू झाली आणि कानबाई आली तरी तोंडून एक शब्द नाही, तर मात्र हातावर हात ठेवून बसू नका. गप्प राहण्याची सवय जितकी जुनी, तितकं काम लांबतं.

आपल्याकडे यात एक गुंता आहे, तो भाषेचा. घरी अहिराणी, लेवा बोली, सातपुड्याकडे भिलोरी किंवा पावरी. वर्गात पुस्तकी मराठी, इंग्रजी माध्यम असेल तर तेही नाही. नवी भाषा कानावर पडते तेव्हा काही मुलं काही महिने नुसतं ऐकत राहतात. ते वाढीचंच लक्षण आहे, आजार नाही. फरक ओळखायची एक साधी खूण आहे. भाषेमुळे गप्प असलेलं मूल वर्गात आपल्या पाड्यावरचा सोबती भेटला की आपल्या बोलीत बडबडतं, खुणा करतं, हसतं, खेळात घुसतं. चिंतेमुळे गप्प असलेलं मूल शेजारच्या घरातल्या रोजच्या मैत्रिणीशीही तिथे अहिराणीत बोलत नाही. पुष्कळदा हसतानाही त्याचा आवाज फुटत नाही.

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांमध्ये हा त्रास तुलनेने जास्त दिसतो. म्हणून घरची बोली बंद करा असा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करा. बोली हे कारण नाही. उलट महिनोन्महिने गप्प असलेली मुलगी एक दिवस "माले पानी दे" म्हणाली आणि ताई म्हणाल्या "मला पाणी द्या, असं म्हणायचं", तर तो दरवाजा पुन्हा बंद झालाच म्हणून समजा. पाणी द्यावं. शुद्ध भाषेला अख्खं आयुष्य पडलंय.

आवाज आधी खोलीत येतो, मग माणसांत

नुसता दबाव काढला म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. ती निम्मीच वाट झाली. पुढची निम्मी म्हणजे आखलेल्या लहान पायऱ्या. जगभर जी पद्धत वापरतात ती आपल्या बालवाडीतही बसते, खर्च काही नाही.

मुलं यायच्या आधी किंवा सुटल्यावर आई आणि मूल रिकाम्या वर्गात बसतात. सोबत ओळखीचा खेळ, चिंचोके चालतील. ताई आसपास नाहीत. मूल घरच्यासारखं मोठ्याने बोलायला लागेपर्यंत दुसरं काही करायचं नाही, त्यात दोन-तीन दिवस गेले तरी चालेल. मग दार थोडं उघडं ठेवायचं आणि ताईंनी व्हरांड्यातून, आत न बघता, ये-जा करायची. आवाज तसाच राहिला तर ताई दाराशी बसून रजिस्टर भरतात. इथे हमखास आवाज कुजबुजीवर येतो. मग पुढे सरकायचं नाही, ताई तिथेच लिहीत राहतील. आवाज पुन्हा वर आला की खुर्ची थोडी जवळ, पाठ मुलाकडे. त्यानंतर खेळात प्रवेश, तोही मोजण्याच्या खेळात: आई "एक", मूल "दोन", ताई "तीन". मोजण्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं, काय बोलू हा पेच नसतो, म्हणून गप्पांपेक्षा आकडे सोपे जातात. ताईंशी पाळीने बोलणं जमलं की आई हळूहळू मागे सरकते, दाराशी, व्हरांड्यात, मग घरी. पुढे एक मैत्रीण आत आणायची, मग दुसरी.

दर वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा चार दिवस थोडं थोडं बसलेलं बरं. दोन पायऱ्या एकदम घ्यायचा मोह होतो, विशेषतः कालचा दिवस छान गेला असेल तर. तो आवरा. आईच्या कानात कुजबुजून आईने मोठ्याने सांगणं हेही सुरुवातीला चालतं, पण त्याची सवय लागू देऊ नका. आईने दर वेळी कान जरासा लांब न्यायचा.

ताईंकडे वेळ कुठे, हा प्रश्न रास्त आहे. खाऊ वाटायचा, वजनं घ्यायची, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरायची. अशा वेळी मदतनीस बाईंना विचारा. मी पाहिलंय, पुष्कळ मुलांचा पहिला शब्द ताईंना नाही, मदतनिसांना मिळतो. त्या परीक्षा घेत नाहीत ना!

शब्द आल्यावर गोंधळ

"बोलली! बोलली!" म्हणून टाळ्या, मिठी, मुख्याध्यापकांना बोलावणं. मोह होतोच. पण जिला नजरांचीच भीती आहे तिच्यावर सगळ्या नजरा एकदम वळतात आणि पुढचे कित्येक दिवस पुन्हा शांतता. तिने "लाल" म्हटलं तर लाल खडू द्यायचा, काही विशेष घडलं नाही असा चेहरा ठेवून. कौतुक नंतर, एकटी असताना, नेमक्या शब्दांत: "आज ताईंना रंग सांगितलास, मला आवडलं."

व्हिडिओचंही तेच. घरी बोलतानाचा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, तो जरूर काढा. पण तोच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं किंवा वर्गात सगळ्यांसमोर लावणं नको.

मुलासमोर "ही बोलतच नाही" असं म्हणू नका. बाकीची पोरं म्हणतातच: "ताई, ती बोलत नाही." त्यावर एवढंच: "घरी बोलते. इथे तयार झाली की बोलेल." हजेरीला हात वर केला, ठोकळा वाजवला तरी चालेल असं ठेवा. मूल वर्गात सामील असणं महत्त्वाचं.

आधी लघवी आणि पाणी

हे फारसं कुणी बोलत नाही म्हणून ठळक सांगते. ही मुलं लघवीला जायचंय हे सांगू शकत नाहीत. तासन्‌तास धरून ठेवतात, कपडे ओले होतात, मग शरम वाटून पाणीच पीत नाहीत. जळगाव-भुसावळचा पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत हे धोक्याचं आहे, आणि लघवी धरून ठेवल्याने जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. म्हणून ठराविक वेळी सगळ्याच मुलांना नळावर आणि मोरीवर न्या, किंवा चित्राचं एक कार्ड द्या, ते नुसतं दाखवायचं. पोटात दुखतंय, पडून लागलंय, हेही ती सांगणार नाहीत. दुपारी घेऊन जाताना गुडघे-कोपर बघायची सवय ठेवा.

कुणाला दाखवायचं

जीभ चिकटलीय म्हणून जिभेखाली काप देणं, भगताकडे नेऊन उतारा काढणं, दोन्ही वाया. घरी स्वच्छ बोलतंय म्हणजे जीभ ठीक आहे. ऐकण्याची तपासणी मात्र करून घ्या, बोलण्यातला एखादा दोष सोबत असू शकतो तोही पाहून घ्या. ज्या मुलाचं बोलणं घरीही वयाच्या मानाने मागे आहे, किंवा सगळीकडे बोलणारं मूल एकाएकी सगळीकडे गप्प झालं, ते प्रकरण वेगळं आहे. तिथे एक दिवसही थांबू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. गप्प मूल तपासणीत "शहाणं मूल" म्हणून सरळ पुढे जातं, त्यामुळे आईने किंवा ताईने तोंडाने सांगायला हवं. पथक पुढे जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणाऱ्या केंद्राकडे, पाठवतं. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या मानसोपचार विभागातही विचारता येईल. या वयात गोळ्यांनी सुरुवात करत नाहीत, वर सांगितलेल्या पायऱ्यांसारखाच उपचार आधी देतात. घरबसल्या विचारायचं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि पहिलीचा प्रवेश घ्याल तेव्हा शाळा उघडायच्या आधीच नव्या बाईंना भेटा. रिकाम्या वर्गात मुलाला घेऊन बसा, बाक निवडू द्या, संडास कुठे आहे ते दाखवा. मूल कुणाशी बोलतं, कुठल्या पायरीपर्यंत आलंय आणि त्याला काय विचारायचं नाही, हे एका कागदावर लिहून बाईंच्या हातात द्या.