जुनी कंट्री स्क्वायर: इंजिन नंतर, आधी मागचा दरवाजा

१९६९ ते १९७८ मधली फोर्ड कंट्री स्क्वायर, म्हणजे मागे सामानाची मोठी जागा असलेली अमेरिकन स्टेशन वॅगन, बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. घाई तिथे नको. ३५१ असो वा ४६० क्युबिक इंचांचं व्ही-८, त्याचे पंप, गॅस्केट, कार्ब्युरेटरचे किट अमेरिकेत आजही मिळतात, कारण ही इंजिनं फोर्डच्या इतर गाड्यांतही होती. मागची काच, टेलगेट (म्हणजे मागचा दरवाजा), त्याचे लॅच आणि मागच्या बाजूच्या लांब काचा मात्र फक्त वॅगनच्या. त्या मिळवायच्या तर बहुधा दुसरी भंगारातली वॅगनच शोधावी लागते. म्हणून इंजिन खराब पण टेलगेट धड असलेली गाडी घेणं परवडतं, उलट नाही.

गंज बघायला टोचा आणि टॉर्च पुरे. टेलगेटचा खालचा काठ आतून दाबा. मागे समोरासमोरची बाकं असतील तर मधला पाय ठेवायचा खड्डा कार्पेट उचलून बघा. मागच्या ॲक्सलवर चॅसी जिथे वर वळते तिथे हातोडीने ठोका. आवाज बद्द आला तर गाडी सोडून द्या. लाकडी दिसणाऱ्या पट्ट्यांमागे क्लिपांची भोकं असतात, गंज तिथूनच सुरू होतो. बाजूला चिकटवलेल्या लाकडी नक्षीच्या विनाइलला फुगे आले असले तर खालचा पत्रा गेलाय असंच धरा.

आता नेहमीचं दुखणं: मागची काच हलत नाही. ती खालीच अडकली असेल तर गाडी चालवू नका. धावत्या वॅगनमागे दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसकट, आत ओढला जातो.

टेलगेट खाली पाडायला काच खाली लागते, पण १९६९ पासूनच्या गाड्यांत ते काच वर असतानाही बाजूला उघडतं. तसं उघडून आतलं पॅनेल काढा. दोन्ही लॅच एकाच वेळी सोडू नका, वजनदार टेलगेट अंगावर येईल.

आधी डॅशबोर्डचं बटण आणि टेलगेटची किल्ली दोन्ही वापरून बघा. एकाने चालत असेल तर दोष दुसऱ्या स्विचचा. दोन्हींनी नाही, तर काच वर-खाली करणाऱ्या मोटारीच्या प्लगवर मल्टिमीटर लावून बटण दाबा. प्लग जोडलेलाच ठेवा. लोड नसताना खराब वायरही १२ व्होल्ट दाखवते आणि आपण विनाकारण मोटार बदलतो. इंजिन बंद असताना ११च्या वर मिळायला हवेत. ९ दिसले तर वीज वाटेत मरतेय. बहुतेकदा बिजागरीजवळच्या रबरी नळीत, रोज वाकून वाकून वायरीच्या तारा तुटलेल्या असतात. तिथे बारीक तारांची लवचीक वायर घाला आणि डाग दिलेले सांधे वाकण्याच्या जागेपासून लांब ठेवा. टेलगेट ते बॉडी अशी १२ गेजची अर्थिंगही द्या, बिजागरीच्या भरवशावर राहू नका.

मूळ स्विचमधून मोटारीचा सगळा करंट जातो, म्हणून ते जळतात. वायरी उलटल्यावर उलटी फिरणारी मोटार असेल तर ५ पिनांचे दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवा: ८७ क्रमांकाच्या पिनला ३० अँपिअरच्या ब्रेकरमधून बॅटरी, ८७ए पिनला अर्थ, दोन्हींच्या ३० क्रमांकाच्या पिनवर मोटारीच्या वायरी. स्विचचे दोन आउटपुट रिलेंच्या कॉइलला.

मोटार काढायचीच असेल तर रेग्युलेटरवर (काच उचलणाऱ्या यंत्रणेवर) गुंडाळलेली स्प्रिंग आहे का बघा. असेल तर दातेरी पात बोल्टने पट्टीला जखडूनच मोटार सोडवा, नाहीतर पात झटक्यात फिरून बोटं जातील. दात्यांना पांढरं लिथियम ग्रीस. काचेच्या फेल्टच्या चॅनेलला मात्र ग्रीस किंवा तेल अजिबात नको, धूळ चिकटून काच आणखी जड जाते. तिथे कोरडा सिलिकॉन स्प्रे.

पॅनेल लावण्यापूर्वी टेलगेटच्या खालच्या निचऱ्याच्या भोकांतून तार घाला आणि वरून लिटरभर पाणी ओता. ते लगेच बाहेर यायला हवं. वाळल्यावर आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ्यांतला गंज रोखणारं मेण) मारा, पण भोकं बुजवू नका.

इंजिनाचं एकच काम उशिरावर टाकू नये: टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकन व्ही-८मध्ये कॅमशाफ्टच्या चाकाला नायलॉनचे दात असत. ते तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब पडतो. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, क्रँक पान्याने पुढे-मागे फिरवा. रोटर हलण्यापूर्वी क्रँक साताठ अंशांहून जास्त फिरला, तर पूर्ण पोलादी दुहेरी रोलर सेट बसवा आणि त्याच वेळी ऑइल पॅन उतरवून जाळी साफ करा.