धावड्याचे पोकळ बी

सातपुड्याच्या पायथ्याशी एका उजाड माळावर पुन्हा देशी झाडोरा उभा करण्याच्या कामात मी उतरलो, तेव्हा बी गोळा करणे म्हणजे गोण्या भरणे, एवढीच माझी समज होती. पहिल्या वर्षी धावड्याच्या दोन गोण्या भरल्या, बी वाळवले, जूनमध्ये वाफ्यांत पेरले. ऑगस्ट सरला तरी त्यांत गवताखेरीज काही उगवले नाही. मी मातीला दोष दिला, रोपवाटिकेतल्या मंडळींनी पाण्याला. बी कापून पाहण्याचे कोणालाही सुचले नाही.

धावड्याचे बी म्हणून आपण पेरतो ती खरे तर त्याची पंख असलेली फळे, आणि त्यांतली बहुतेक आतून रिकामी असतात. आत बी धरले नाही तरी फळाचे कवच आणि पंख नेहमीसारखेच वाढतात, त्यामुळे बोंडातून, म्हणजे फळांच्या गोल झुबक्यातून, सुटलेले पोकळ फळ वरून ओळखू येत नाही. ‘पाण्यात तरंगेल ते फेकून द्या’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला इथे फसवा आहे, कारण इतके हलके, पंखांचे फळ भरलेले असले तरी तरंगते. म्हणून प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पिशवीत ठेवावे, त्यातली शंभर फळे न निवडता उचलावीत, रात्रभर भिजवावीत आणि सकाळी ब्लेडने कापून भिंगाखाली पाहावीत. आत पांढरा, घट्ट गर असेल तरच ते फळ भरलेले धरावे. माझ्या उरलेल्या गोणीतल्या शंभरांत दोन निघाली. आकडा एवढा लहान निघाला म्हणून खचू नये. तो पेरणीआधी कळला, तर त्या हिशेबाने दाट पेरता येते.

इतर झाडांची कुरबुर वेगळी. खैराच्या शेंगा झाडावर असतानाच भुंगेरे बी पोखरतात, तर जांभळाचे बी वाळवून साठवले की मेलेच. बीजगोळ्यांविषयी माझे मत वाईट आहे: पोकळ बी मातीत लपेटल्याने भरत नाही, फक्त ते पोकळ असल्याचे दिसत नाही. एकाच लगडलेल्या झाडावर तुटून पडू नये; दूरदूरच्या अनेक झाडांचे थोडेथोडे घ्यावे, आणि वनहद्दीत वनखात्याची परवानगी असल्याशिवाय फांदीला हात लावू नये.

गुरू करायचाच असेल, तर प्रमाणपत्रवाल्यांआधी शेळ्या राखणाऱ्या माणसाला विचारावे. कोणत्या धावड्याखाली रोपे उगवतात, हे मला अशाच एका बाबांनी दाखवले. त्या झाडाच्या शंभरांत अकरा भरलेली निघाली.