गल्लीतल्या रस्त्याची फाइल: पालिकेकडून हिशेब कसा मागायचा

पाच वर्षांत तीनदा डांबर पडलं तरी खड्ड्यांतच असलेला रस्ता प्रत्येक उपनगरात एक तरी सापडतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो पडतात, नगरसेवकाला शिव्या पडतात आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा डांबर पडतं. तक्रार खरी असते, पण बहुतेकदा ती चुकीच्या वेळी चुकीच्या टेबलावर जाते. पालिकेचा प्रत्येक निर्णय कुठल्या तरी कागदावर होतो आणि त्या कागदावर हरकत घ्यायला मुदत असते. ती गाठायची कशी, हे पुणे महापालिका डोळ्यांपुढे ठेवून खाली दिलं आहे. मुंबईचा कायदा वेगळा आहे. राज्यातल्या बाकी महापालिकांना पुण्याचाच कायदा लागू आहे, फक्त खात्यांची नावं थोडी बदलतात.

पैसा कुठून आला

पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. या आकड्यात तुमची गल्ली दिसणार नाही. ती दिसते प्रभागाच्या 'स' यादीत, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या छोट्या कामांच्या यादीत. काम त्या यादीतही नसेल तर 'वर्गीकरण' हा शब्द लक्षात ठेवा. एका कामासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवणं, हा त्याचा अर्थ. मार्चअखेर पैसे खर्च झाले नाहीत तर तरतूद वाया जाते. म्हणून चांगल्या पदपथाचे पेव्हिंग ब्लॉक फेब्रुवारीत उखडले जाताना दिसले, तर त्यामागे बहुधा वर्गीकरणाचा ठराव असतो. त्या ठरावाची प्रत मागता येते.

स्वतः काम सुचवायचं असेल तर 'नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक' या योजनेचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. हे अर्ज पावसाळ्याच्या उत्तरार्धात निघतात. मार्चमध्ये अंदाजपत्रक छापून आल्यावर सूचना पाठवणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. 'रस्ता सुधारावा' असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. कुठून कुठपर्यंत, किती मीटर लांब, किती रुंद हे लिहा आणि हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडा.

माहिती अधिकाराचा अर्ज

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. पुण्यात १२ मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि त्याहून रुंद रस्ते पथ विभागाकडे असतात. चूक झाली तरी घाबरायला नको. कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं ही त्यांची जबाबदारी आहे. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. लोक इथेच घसरतात. तीन रस्ते, दोन बागा आणि एक ड्रेनेज एका अर्जात कोंबतात, मग तो परत येतो. एका रस्त्यासाठी मजकूर साधारण असा ठेवा:

विषय: (चौक) ते (चौक) रस्त्याचं डांबरीकरण, १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५.
पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात:
१. मंजूर पूर्वगणनपत्रक (एस्टिमेट)
२. कार्यादेश आणि करारपत्रातील दोष दायित्व कालावधीचं पान
३. मोजमाप पुस्तकातील (एमबी) या कामाची सर्व पानं
४. चालू व अंतिम देयकं
५. गुणवत्ता चाचणीचे अहवाल
६. काम पूर्ण झाल्याचा दाखला

'हा रस्ता पुन्हा का केला?' असं विचारू नका. हा कायदा असलेला कागद देतो, नसलेलं स्पष्टीकरण देत नाही. कारणच हवं असेल तर 'काम प्रस्तावित करणारी टिपणी' मागा. कारण त्या टिपणीतच लिहिलेलं असतं, आणि नसेल तर तेही कळतं.

या सहांत सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप पुस्तक. कनिष्ठ अभियंत्याने त्यात लांबी, रुंदी, जाडी नोंदवायची, उपअभियंत्याने तपासायची आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघायचं. म्हणजे रस्त्यावर काय झालं आणि पैसे कशाचे दिले, हे दोन्ही त्या पानांवर भेटतात. दुसरं महत्त्वाचं पान दोष दायित्व कालावधीचं. या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि त्यासाठी त्याची अनामत रक्कम अडकवून ठेवलेली असते. गळती बहुतेकदा इथेच होते. मुदत चालू असतानाच त्याच रस्त्याची खड्डेदुरुस्ती दुसऱ्या निविदेतून, पालिकेच्या पैशाने होते. दोन्ही कामांच्या तारखा एका कागदावर समोरासमोर लिहा आणि तो कागद लेखापरीक्षण विभागाला पाठवा. असलं पत्र टोपलीत टाकणं अवघड जातं.

उत्तराची मुदत ३० दिवस. झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. दर पानी २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्यावर २० रुपयांचं स्टॅम्प लागतं. तिथेही निकाल लागला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील करता येतं. तिथे तारीख लागायला पुष्कळ वेळ जातो, तेव्हा पहिलं अपील नीट लिहिण्यातच शहाणपण आहे. कोणता मुद्दा दिला, कोणता दिला नाही, हे क्रमांकाने लिहा.

'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' असं उत्तर आलं तर कागद प्रत्यक्ष पाहायला मागा. कलम २(ञ) मध्ये पाहणीचा, टिपणं घेण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे. 'नस्ती (फाइल) सापडत नाही' हे नकाराचं कारण कायद्यात कुठेच नाही. असं उत्तर लेखी मिळालं तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली कारवाईची मागणी करा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एवढं लिहिलं की नस्त्या सापडू लागतात.

टेप, पट्टी आणि थोडं गणित

कागद हातात आले की पन्नास मीटरचा टेप आणि स्टीलची पट्टी घेऊन रस्त्यावर जा. समजा २०० मीटर लांब, ६ मीटर रुंद गल्लीत ४० मिलिमीटर जाडीचा वरचा थर लिहिला आहे. २०० × ६ × ०.०४ म्हणजे ४८ घनमीटर. घट्ट दाबलेलं डांबरी मिश्रण घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन भरतं, म्हणजे ११० ते ११५ टन माल. एका मोठ्या डंपरमध्ये १६ टन धरले तर सात खेपा. प्रत्यक्षात चारच डंपर आले असतील तर थर २३ मिलिमीटरच्या आसपास पडला आहे. काम रात्री होतं, तेव्हा सोसायटीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा. डंपर मोजायला ते पुरतं. प्रत्येक डंपरसोबत वजनकाट्याची पावती असते, तीही मागता येते.

जाडी मोजताना एक घोळ होतो. पसरलेला सैल थर रोलरखाली पाचव्या हिश्श्याएवढा तरी बसतो. त्यामुळे रोलर फिरण्याआधी ५० मिलिमीटर दिसलं तर हुरळून जाऊ नका आणि रोलरनंतर ४० भरलं तर ठेकेदाराला चोरही म्हणू नका. मोजायचं ते रोलरनंतर, थर जिथे संपतो त्या कडेला, किमान पाच ठिकाणी. एकाच जागी कमी भरलं तर ते काहीच सिद्ध करत नाही. वाद पेटला तर कोअर काढून घेण्याची मागणी करा. रस्त्यातून गोल तुकडा कापून काढतात, त्यात जाडी आणि घनता दोन्ही कळतात.

काम चालू असताना पाहायच्या गोष्टी तीन. जुना पृष्ठभाग धुळीचा असेल किंवा त्यावर पातळ डांबराचा फवारा मारला नसेल तर नवा थर पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा निघतो. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचं मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सियस गरम असावं लागतं आणि दाबण्याचं काम ९० अंशांच्या आत यायच्या आधी संपावं लागतं. थंड मालावर रोलर कितीही फिरवला तरी खडी मोकळीच राहते. तिसरी गोष्ट जुना थर खरवडण्याची. पूर्वगणनपत्रकात ती बाब असेल आणि न खरवडताच नवा थर टाकला असेल तर पैसे न केलेल्या कामाचे गेले. शिवाय रस्ता उंच झाला. जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये पावसाचं पाणी शिरतं, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. चेंबरची झाकणं खड्ड्यात गेलेली दिसली तर समजावं की पातळी कोणी धरलीच नाही.

काँक्रीटच्या गल्ल्यांत भानगड वेगळी असते. चोवीस तासांच्या आत सांधे कापले नाहीत तर काँक्रीट स्वतःच वेडेवाकडे सांधे पाडतं, आणि दोन आठवडे पाणी मारलं नाही तर वरचा थर पिठासारखा झडतो. बाकी तपासणी तशीच.

खड्ड्यामुळे कोणी जखमी झालं तर पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याचे कागद जपा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, आणि कळवल्यापासून ४८ तासांत खड्डा बुजवायला सांगितलं. म्हणून खड्डा कळवताना वेळ, ठिकाण आणि तक्रार क्रमांक यांचा स्क्रीनशॉट घ्या. ४८ तास तिथून मोजले जातात.

आराखडा आणि रस्तारुंदी

पुण्याच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये आला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती गेल्या. त्यात एकाच मजकुराच्या झेरॉक्स भरपूर होत्या. झेरॉक्सचा गठ्ठा सुनावणीला एक विषय म्हणून निघतो आणि दहा मिनिटांत संपतो. त्यापेक्षा दहा घरांनी आपापल्या शब्दांत दहा हरकती द्याव्यात. प्रत्येकीत सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, नकाशाचा तो तुकडा लाल शाईने खुणावून, आणि मागणी एका वाक्यात: 'प्रस्तावित १२ मीटर रुंदी रद्द करून ९ मीटर कायम ठेवावी.' मसुद्यावर हरकतीची मुदत ३० दिवसांची असते. प्रत्यक्ष ऐकून घ्यावं, अशी विनंती त्याच पत्रात करा. आराखडा मंजूर झाल्यावरचे बदल नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली एक महिन्याच्या सूचनेने होतात. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते, म्हणून सोसायटीत कोणा निवृत्त माणसाला हे एकच काम द्या.

रस्ता रुंद करायला आराखडा बदलावा लागतोच असं नाही. महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवूनही ते होतं. २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच वाटेने आला होता. सहाचे नऊ म्हणजे प्रत्येक बाजूचं दीड मीटर अंगण. मोबदल्यात मिळणारा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, पुनर्विकास करणाऱ्याला गोड वाटतो, पण नुकती बांधलेली इमारत असेल तर हाती काही लागत नाही.

एकदिशा, नो पार्किंग, स्पीडब्रेकर

वाहतुकीत दोन मालक आहेत. कोणत्या दिशेने जायचं आणि कुठे थांबायचं नाही, हा आदेश वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांचा. दुभाजक, पदपथ, खांब आणि पट्टे पालिकेचे. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून एकच पत्र दोघांना द्या आणि दोन्हीकडची पोच ठेवा.

हरकतीत 'त्रास होतो' यापेक्षा मोजणी चालते. दोन कामाचे दिवस, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८, चौकाच्या प्रत्येक बाजूला दोन माणसं, दर पंधरा मिनिटांना दुचाकी, चारचाकी, रिक्षा, बस वेगळ्या. एकदिशा झाल्यावर वळसा किती मीटरचा पडतो तो मोजा आणि वाहनं कोणत्या गल्लीत घुसतील तिचं नाव लिहा. त्या गल्लीत शाळा किंवा दवाखाना असेल तर तेच पहिलं वाक्य करा. रविवारी केलेली मोजणी मात्र कोणी ग्राह्य धरत नाही.

गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं प्रमाण आहे. अर्धा मीटर रुंद आणि वीतभर उंच उंचवटा त्यात बसत नाही. तो काढायला सांगताना फोटोत पट्टी धरा आणि मंजुरीच्या पत्राची प्रत मागा. अनेकदा असं पत्रच नसतं. तो शेजारच्या गल्लीतल्या कोणाच्या तरी आग्रहाने रातोरात पडलेला असतो.

वाहतूक आदेशांवर 'प्रायोगिक तत्त्वावर' असं लिहिण्याची प्रथा आहे, शेवटची तारीख मात्र नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे एक महिन्यापर्यंतचं निर्बंध राजपत्रात न छापताही चालतं, त्यापुढचं राजपत्रात यावं लागतं. आदेशाच्या तारखेपासून एकतिसाव्या दिवशी वाहतूक शाखेकडे माहिती अधिकाराचा एकोळी अर्ज टाका: या आदेशाच्या राजपत्रातील अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक.