घरच्या लेथवर जॉबची पकड आणि चकचा गार्ड

जॉब (लेथवर कापायचा तुकडा) चकमधून, म्हणजे त्याला पकडून फिरवणाऱ्या जबड्यांच्या तबकडीतून, निसटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आखूड पकड. व्यासाच्या तिप्पट लांबी चकबाहेर चालते. २० मिमीचा बार ६० मिमीपेक्षा जास्त बाहेर येत असेल तर दुसऱ्या टोकाला रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा (जॉबबरोबर फिरणाऱ्या टोकदार आधाराचा) टेकू हवाच. स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) मागून डोकावणारा बारीक बारही बघा, वेगात तो वाकून चाबकासारखा फिरतो. आधीच कापून घ्या.

पातळ पाइप थ्री जॉमध्ये (तीन जबड्यांच्या चकमध्ये) आवळला की तीन ठिकाणी दबतो. तसाच आतून कापून बोअर केलात तर चकमध्ये गोल दिसेल, सोडल्यावर तिकोनी निघेल. त्यावर एका बाजूने चिरलेला बुश (नळीसारखं कडं) चढवून पकडा, म्हणजे दाब सगळीकडे पसरतो.

फोर जॉची, म्हणजे चारही जबडे वेगवेगळे हलणाऱ्या चकची, उगाच भीती असते. गिअर न्यूट्रलला टाका, चक हाताने फिरवा, जॉबला डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) टेकवा. समजा १ नंबरच्या जॉपाशी काटा शून्यावर आहे आणि ३ नंबरपाशी ०.४० मिमी वर. म्हणजे जॉब ३ कडे ०.२० सरकलाय. १ चा जॉ किंचित ढिला करा, ३ चा आवळा, काटा ०.२० वर आणा. मग २ आणि ४ ची जोडी. शेवटी चारही जॉ थोडे थोडे आवळून पुन्हा एकदा तपासा. आणि चकची चावी हातातून सुटेल ती थेट खुंटीवर. चकमध्ये ती क्षणभरही राहता कामा नये.

गार्डसाठी ३ मिमी पॉलीकार्बोनेट घ्या. ॲक्रिलिक स्वस्त पडतं, पण मार बसला की तडकून तुकडे उडतात. पॉलीकार्बोनेट साबणाच्या पाण्याने पुसा, थिनरने त्याला बारीक चिरा पडतात. बिजागरी हेडस्टॉकवर (चकमागच्या पेटीवर) अशी लावा की जॉब बदलताना गार्ड एका हाताने उचलता येईल. अडचणीचा गार्ड आठवड्यात कोपऱ्यात जातो.

बिजागरीपाशी लिमिट स्विच असा बसवा की गार्ड उचलला की तो दाबला जाईल, त्याचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) स्टार्टरच्या स्टॉप बटणाशी सिरीजमध्ये. साध्या टंबलर स्विचवर लेथ चालवणं धोक्याचं: लाइट जाते, आपण चकपाशी हात घालतो, लाइट येते. डीओएल स्टार्टर (लाइट गेली की सुटणारा, बटण दाबल्याशिवाय परत न लागणारा मोटरचा स्विच) घेताना त्याला ओढून धरणाऱ्या कॉइलचे व्होल्ट विचारा. थ्री फेजच्या स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्टची कॉइल असू शकते, ती घरच्या सिंगल फेजवर ओढत नाही. २३० ची मागा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर हा स्विच त्याच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा, मोटरच्या वायरमध्ये नको. वायरिंग जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच.

चाचणी रिकाम्या चकवर, जॉ आत मिटून, कमी स्पीडला. गार्ड उचलला की मोटरचा करंट तुटला पाहिजे. चक थोडा फिरत राहील, तो थांबेपर्यंत हात लांब. गार्ड खाली केल्यावर मोटर आपोआप सुरू झाली तर स्विच कॉइलऐवजी मोटरच्या लाइनमध्ये लागलेला असू शकतो. मेन बंद-चालू केल्यावर सुरू झाली तर हिरवं बटण दाबलं की अडकून राहणाऱ्या जातीचं आहे, ते बदला.