योकोहामाच्या बंदरावर एक दिवस: सांगलीकरांसाठी

टोकियोला कामानिमित्त किंवा मुलांकडे गेलात तर एक दिवस योकोहामासाठी राखून ठेवा. सगळं शहर बघायच्या नादी मात्र लागू नका. साकुरागिचो ते यामाशिता बाग एवढा किनारा पुरेसा आहे. चालणं तीनेक किलोमीटर, म्हणजे आपल्या गणपती मंदिरापासून हरिपूरच्या संगमापर्यंत जाण्याइतकं.

पहिली चूक स्टेशनातच होते. शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन थांबते ते 'शिन-योकोहामा' वेगळं, बंदरापासून लांब. टोकियो स्टेशनवरून तोकाइदो लाइनने साध्या 'योकोहामा'ला उतरा आणि नेगिशी लाइन धरा. पुढचंच स्टेशन साकुरागिचो. दहाच्या सुमारास पोचलात तर उत्तम.

तिथून किशामिची ही पायवाट धरा. १९११ च्या मालगाडीच्या मार्गावर ती केली आहे आणि जुने रूळ अजून पायाखाली दिसतात. पुढे लाल विटांची दोन गोदामं लागतात. त्यातलं एक आखूड का, तर १९२३ च्या भूकंपात त्याचा जवळजवळ अर्धा भाग कोसळला.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची तयारी घरूनच करावी. 'निकु नाशी' म्हणजे मांस नको, एवढंच सांगून भागत नाही. सूप, नूडल्सचा रस्सा, अगदी भाजीतही माशाचं पाणी असतं, त्याला 'दाशी' म्हणतात. 'निकु, साकाना, दाशी नाशी दे', म्हणजे मांस, मासे, दाशी नको, असं मोबाइलवर जपानीत लिहून दाखवा. चायनाटाउनमधला आनमान, म्हणजे गोड सारणाचा वाफवलेला पाव, शाकाहारी दिसतो, पण सारणात डुकराची चरबी असू शकते. विचारूनच घ्या. भडंग आणि दशम्या सोबत असल्या की निभतं. ताजी फळं मात्र भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच, म्हणून एक रिकामी पिशवी खिशात हवीच.

दुपारी यामाशिता बाग. भूकंपाचा राडारोडा समुद्रात भरून ही जमीन तयार केली आणि १९३० मध्ये बाग खुली झाली. शेजारी हिकावा मारू हे त्याच वर्षीचं जहाज उभं आहे. सोमवारी ते बंद असतं आणि एरवीही पाचला दरवाजे लागतात, तेव्हा आधी तेच उरका. मग बागेतला घुमटाचा छोटा मंडप शोधा. भूकंपानंतर शहराने इथल्या भारतीयांना आधार दिला, त्याची जाण ठेवून त्यांनी १९३९ मध्ये बांधून दिलेली ही पाणपोई. आत जाऊन मान वर करा. घुमटाच्या आतल्या बाजूचं रंगीत खड्यांचं काम बाहेरून कळत नाही, आणि बहुतेक लोक बाहेरूनच फोटो काढून निघून जातात. आपल्या माणसाने तरी तसं करू नये.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ओसानबाशी धक्क्याच्या लाकडी छतावर या. तिकीट नाही. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं, जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतो. वारा बोचरा असतो, जाकीट हवंच. परतीला निहोन-ओदोरी स्टेशन जवळ आहे. तिथून शिबुयाला थेट गाडी मिळते.