म्हाताऱ्या, थोराड कुत्र्याला घर मिळवून द्यायचं असेल तर

रस्त्यावर सापडलेला कुत्रा तुमच्या घरात किंवा पार्किंगमध्ये सुखरूप आहे, गोचिडी काढून झाल्यात, दोन वेळ खातोय, इथपर्यंत तुम्ही पोचलात असं धरून पुढचं लिहिते. थोराड म्हणजे लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन किंवा यांचा गावठी कुत्र्याशी झालेला संकर. म्हातारा म्हणजे साधारण ७ वर्षांपुढचा. त्यातही फरक आहे. ७ वर्षांचा ग्रेट डेन उतरणीला लागलेला असतो, ७ वर्षांच्या लॅबकडे अजून चार-पाच वर्षं असू शकतात. ‘म्हाताऱ्याला कोण नेणार’ असं दहा जण ऐकवतील. नेतात लोक. पिल्लाला आठ दिवसांत घर मिळतं, इथे मला दोन-तीन महिने लागतात, एवढाच फरक.

मालकाचा शोध

दवाखान्यात मायक्रोचिप तपासून घ्या, असेल तर १५ आकडी नंबर निघतो. आसपासचे व्हेट, सोसायट्यांचे वॉचमन, सकाळी टेकडीवर फिरायला येणारी मंडळी यांना फोटो दाखवा. विसर्जनाच्या ढोल-ताशांनंतर किंवा दिवाळीच्या फटाक्यांनंतर सापडलेला कुत्रा अनेकदा घाबरून पळालेला असतो, त्या दिवसांत ‘टाकून दिलाय’ असं लगेच ठरवू नका. फोटो टाकताना एक खूण राखून ठेवा, पोटावरचा ठिपका किंवा कानाची चीर. मालक म्हणून येईल त्याला ती सांगता आली पाहिजे. मालक सापडला आणि ‘आता आम्हाला नको’ म्हणाला, तर हक्क सोडल्याचं लेखी घ्या. जनावराला उपासमार होईल असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे शांतपणे सांगितलं की सही होते.

दवाखाना

रक्ततपासणी, त्यात लिव्हर आणि किडनी. आपल्याकडे गोचीडताप इतका आहे की प्लेटलेट्स पाहिल्याशिवाय कुत्रा पुढे पाठवू नये. कमरेचा एक्स-रे. रेबीजची लस. आणि नसबंदी, घर मिळण्याआधी. ‘नवे मालक करून घेतील’ यावर मी विश्वास ठेवत नाही. जातिवंत मादी म्हातारी असली तरी तिच्यावर डोळा ठेवणारे ब्रीडर असतात, आणि नसबंदी न झालेल्या मादीला या वयात पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याची भीती कायम असते. भूल झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तर तेही लेखी घ्या आणि फाइलला लावा.

वयाचा अंदाज डॉक्टर ‘८ ते १०’ असा देतील. जाहिरातीत १० लिहा.

तीन आठवडे सोबत राहा

कुत्र्याची माहिती नसताना जाहिरात करायची घाई नको. तो एकटा किती वेळ राहतो, जिना किती मजले चढतो, मांजर दिसल्यावर काय करतो, केरसुणी उचलली की अंग चोरतो का, रात्री शूला किती वेळा उठतो, हे वहीत लिहून ठेवा. पुढे येणाऱ्या प्रत्येक फोनला हीच वही उत्तर देते.

जाहिरात

फोटोत त्याच्या शेजारी एक मोठा माणूस उभा करा, आकार कळू द्या. बसलेल्या कुत्र्याचा नुसता चेहरा टाकलात तर दारात आल्यावर लोक म्हणतात, ‘अहो, हा केवढा आहे!’ आणि फेरी वाया जाते. मजकूर असा: ‘लॅब, नर, अंदाजे १० वर्षं, ३२ किलो, नसबंदी झालेली. सांधेदुखीची गोळी रोज. लिफ्ट लागेल. माणसांत रमतो, इतर नर कुत्र्यांशी जमत नाही.’ ‘आठवड्यात घर मिळालं नाही तर रस्त्यावर जाईल’ असलं काही कधीच लिहू नका. दयेने आलेला माणूस दया ओसरली की परत करतो.

माणसं निवडणं

इथे मी चुकले होते, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

राजा नावाचा जर्मन शेफर्ड होता, ९ वर्षांचा, मागचे पाय कमजोर. एकांचा पुण्याजवळ पौडच्या पुढे फार्महाउस होता, दोन एकर, आंब्याची झाडं. फोनवर बोलणं इतकं गोड की मी पत्ता बघायला गेले आणि झाडं बघून परत आले. तिथे रोज कोण राहतं, हे विचारलंच नाही. तीन आठवड्यांनी न सांगता गेले तेव्हा राजा पंपाच्या खोलीशेजारी साखळीला होता. कुटुंब शनिवार-रविवारी यायचं. एरवी सकाळी एक गडी यायचा, भाकरी टाकून जायचा. कोपरांना घट्टे पडून चिघळले होते. मी त्याच दिवशी त्याला गाडीत घालून आणलं. मला पाहून तो उठायचा प्रयत्न करत होता आणि त्याला उठता येत नव्हतं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून ‘मोकळी जागा’ हा शब्द ऐकला की मी सावध होते. ‘त्याला पळायला भरपूर जागा आहे’ म्हणणाऱ्याला म्हाताऱ्या कुत्र्याची गरज कळलेली नसते. त्याला माणसाच्या पायाशी दोन फूट जागा लागते, आणि ते पाय दिवसभर घरात असावे लागतात. कोथरूडमधला वन बीएचके चालतो. राखणीसाठी कुत्रा मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते. कुटुंब बाराही महिने शेतावर राहत असेल आणि कुत्रा रात्री घरात झोपणार असेल, तरच शेताचा विचार करते.

फोनवर ‘हो-नाही’मध्ये उत्तर देता येईल असे प्रश्न विचारू नका. ‘तुम्ही काळजी घ्याल ना?’ याला जगात कोणी नाही म्हणत नाही. ‘आधीचा कुत्रा कसा गेला, ते सांगा’ असं म्हणा आणि गप्प बसा. ज्यांनी म्हातारं जनावर सांभाळलंय ते तारखेनिशी सांगतात, कोणतं औषध, शेवटच्या रात्री कोण जागं होतं. ‘गावी पाठवला’, ‘मित्राला दिला’, ‘हरवला’ असं उत्तर आलं की मी नम्रपणे फोन ठेवते.

मग वजन. ३२ किलोचा कुत्रा एक दिवस उठणारच नाही, तेव्हा त्याला खाली कोण नेणार? लिफ्ट बंद असताना? निवृत्त जोडपं म्हाताऱ्या कुत्र्याला उत्तम, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. वेळ त्यांच्याकडे असतो, पण मांजर पाहून ३२ किलोने हिसका दिला तर सत्तरीतला माणूस पडतो आणि मोडलेलं हाड लवकर जुळत नाही. शेजारी मुलगा-सून राहत असतील तर मात्र त्याहून चांगलं घर नाही.

पैशांचंही स्पष्ट बोला. औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून तीच गोळी १० किलोच्या कुत्र्याला एक आणि याला तीन लागतात. तुमच्या हातातली गेल्या महिन्याची बिलं त्यांना दाखवा. मी दाखवते. ती पाहून काही जण मागे हटतात आणि त्यांनी आत्ताच हटलेलं बरं.

घर बघायला कुत्र्याला घेऊनच जा. गेटपासून लिफ्टपर्यंत त्याला चालवा. लिफ्टला तो घाबरला तर घरचे लोक त्याला ओढतात की त्याच्याजवळ थांबतात, हे मागे उभं राहून पाहा. आत गेल्यावर फरशी बघा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर दुखऱ्या कमरेच्या कुत्र्याचे पाय फाकतात, तिथे जुन्या सतरंज्या किंवा रबरी मॅट टाकायची तयारी आहे का, ते विचारा. ‘हा झोपणार कुठे?’ याला ‘बाल्कनीत’ हे उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

आणि घरातली सगळी मोठी माणसं त्या वेळी हजर हवीत. ही अट मी कोणासाठीही सोडत नाही. एकदा सगळे उत्साहात बोलत होते आणि आजी आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, एक शब्द नाही. मी विचारलं, ‘आजी, तुम्हाला चालेल ना?’ त्या म्हणाल्या, ‘दुपारी सगळे ऑफिसला जातात, मग मी आणि हाच.’ कुत्रा त्यांना नको होता असं नाही, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही दीड तास बोललो. शूला नेण्यासाठी दुपारी माणूस लावायचं ठरलं. तो कुत्रा पुढे आजींच्याच खाटेखाली झोपायला लागला. न विचारता ठेवून आले असते तर पंधरा दिवसांत परत आला असता.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी मागा. सोसायटी त्रास देईल अशी भीती असेल, तर कुत्रा पाळायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या परिपत्रकात आहे. त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा. तरी सेक्रेटरींना आधी भेटून यायला सांगा. कागद हातात धरून आत जाण्यापेक्षा ओळख करून घेतलेली बरी.

कागदपत्रं

साध्या मराठीत एक पानी करार. पहिले १५ दिवस चाचणीचे. नाही जमलं तर कुत्रा फक्त तुमच्याकडेच परत, तिसऱ्या माणसाला द्यायचा नाही. महापालिकेचा परवाना नव्या मालकाच्या नावाने काढायला लावा, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

सोडून येण्याचा दिवस

गणपती आणि दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे टाळा. एप्रिल-मेमध्ये नेणार असाल तर सकाळी लवकर. त्याची न धुतलेली चादर आणि आठवड्याचं नेहमीचं खाणं सोबत द्या. पहिले १५ दिवस गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हीला दोर. नव्या घरातून पळालेला कुत्रा जुन्या घराच्या दिशेने निघतो आणि मध्ये सिंहगड रस्त्यासारखा वाहता रस्ता असतो. माझा एक असा निसटला होता, धायरी फाट्याजवळ रात्री ११ वाजता मिळाला.

घरच्यांना सांगा की तो दोन दिवस कदाचित खाणार नाही, पाणी पितोय ना एवढं बघा. तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घरचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांनी घर आपलं वाटतं, असा साधारण हिशोब असतो. एक गोष्ट मात्र तोंडपाठ करून घ्या: खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर फुगून पिळलं जाऊ शकतं. पोट टम्म फुगलंय, उलटीसाठी उमाळे येतायत पण काही पडत नाही, कुत्रा बेचैन आहे, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला दवाखाना. खाणं दोन-तीन वेळांत विभागून द्यायचं, खाल्ल्यावर तासभर फिरवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी फोन करा. पंधराव्या दिवशी जाऊनच या. कुत्रा परत आला तर कारण विचारून वहीत लिहा आणि त्या घराला दोष देऊ नका. ते तुम्हाला घाबरले तर पुढच्या वेळी न सांगता सोडून देतील.

सहा महिने उलटले आणि कोणीच आलं नाही, तर मी जाहिरात बदलते: औषधपाणी माझं, घर तुमचं. सध्या सहकारनगरमध्ये असा एक ग्रेट डेन आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याच्या गोळ्या घेऊन जाते.